दुसरा 'दा'

प्रिय दलहातू,

'प्रिय' लिहिल्याशिवाय पत्र सुरू कसं करायचं हे मला कुणी शिकवलं नाही, म्हणून लिहिलंय. त्यातून काही अर्थ काढत बसू नकोस, अर्थ काढणं हा तुझा धंदा असला तरी.

तू विद्याशाखेचा प्रमुख झालास तेव्हाचा तुझा वर्तमानपत्रातला फोटो आमच्या रेडिओ स्टेशनात भिंतीवर चिकटवलेला आहे. कुणी चिकटवला माहीत नाही, पण मी तो काढलेला नाही. बातम्या वाचायला आत जाताना तो समोर येतो आणि माझा आवाज आपोआप कडक होतो. झग्याला इतकी खळ घातलीय की आत माणूस नसता तरी तो उभा राहिला असता. इन्नानं तो अंक घरी डोळ्यांजवळ धरून पाहिला आणि म्हणाली, "दलहातूच ना हा? पोट सुटलं की गं पोराचं." आई तुला अजून पोरच म्हणते. तिचे गुडघे आता पार गेलेत. हार्मॅटनचं वारं सुटलं की धुळीनं खोकते आणि तरी अंगणात बाजरी निवडायला बसतेच. माझं म्हणशील तर मी सुखात आहे. हे मुद्दाम सांगते, कारण तुझ्यासारख्यांना वाटत असतं की त्यांनी सोडलेली बाई जन्मभर दाराकडे डोळे लावून बसते. माझा नवरा रेल्वेत होता, आता घरी असतो, आणि त्याला माझ्या हातचा बाओबाबच्या पाल्याचा रस्सा आवडतो. झालं.

तू पहिल्यांदा आमच्याकडे आलास तो दिवस आठवतो? खांद्याला टेपरेकॉर्डर, बगलेत वह्या, आणि खाटकाच्या घरात पाऊल टाकताना झगा दोन्ही हातांनी वर उचललेला, जणू अंगणात रक्ताचे पाट वाहत होते. आमचे बाबा हसले होते. "मालम, जमीन कोरडी आहे, पाय टाका खुशाल." तेव्हापासून तू आमच्या घरचा मालम, मास्तर झालास आणि वर्षभर येत राहिलास. आपली भाषा, कानुरी, फुलफुल्दे, योरुबा, सगळ्यांचे जर-तर तू गोळा करत हिंडत होतास, पण आपल्या भाषेतले सगळे आमच्या अंगणातून उचललेस. तुझे प्रश्न तरी काय! पाऊस आला नसता तर तू काय केलं असतंस? तुझ्याकडे घोडा असता तर तू कुठं गेला असतास? आमचा तानिमू तेव्हा सोळा वर्षांचा होता, त्याला या खेळाची भारी मजा वाटायची. तो काहीही ठोकून द्यायचा. घोडा असता तर मी मक्केला गेलो असतो आणि येताना तुम्हाला दोन उंट आणले असते, मालम. आम्ही दोघी बहिणी, झुलाई आणि मी, पोट धरून हसायचो. इन्ना तुझ्यापुढं बाजरीच्या तुवोचा गोळा आणि रस्सा ठेवायची आणि म्हणायची, "जेव आधी. जे झालंच नाही त्याची चौकशी मागाहून कर." आणि तू जेवायचास. पोटभर जेवायचास. खाटकाच्या घरचं मटण तुला चालायचं.

खाटकाची मुलगी तेवढी चालली नाही. तेही तू किती सभ्यपणे सांगितलंस! परदेशी जायच्या आदल्या आठवड्यात, विद्यापीठाच्या कडुनिंबाखाली. "असाबे, तुझे वडील खाटीक नसते, तर मी उद्याच घरच्यांना तुमच्याकडे पाठवलं असतं." मला तेव्हा रडू आलं होतं. आता आठवलं की हसू येतं, कारण ते वाक्य उच्चारताना तुझा 'दा', आपला 'असतं तर'चा शब्द, इतका सुरेख लागला होता! वरून खाली घसरणारा, अगदी पुस्तकात लिहावा तसा. व्याकरणात तू कधी चुकला नाहीस. ते बाकी मानावं लागेल.

साबोचं नाव पत्रात लिहितानाही माझा हात अडतो, पण त्याच्याशिवाय पुढचं सांगता येत नाही. तो झुलाईचा नवरा. एके दिवशी दुपारी झुलाई मनगट ओढणीत बांधून घरी आली. हाड मोडलेलं, ओठ फाटलेला. साबोनं तिला दाराबाहेर काढलं होतं, कारण तिनं त्याला जुगारावरून हटकलं. बाबा तोवर गेले होते, दुकान तानिमू चालवत होता. त्यानं बहिणीचा हात पाहिला आणि हातात होता तोच सुरा घेऊन मोटारतळाकडे निघाला. अर्ध्या बाजारानं त्याला जाताना पाहिलं. साबो त्याला सापडला नाही. चहाच्या टपऱ्या, पत्त्यांचे अड्डे, ट्रकच्या मागच्या बाजू, सगळं धुंडाळून तो मगरिबच्या नमाजाच्या आत घरी आला, सुरा धुऊन खुंटीला लावला आणि इन्नाच्या पायाशी बसून ढसाढसा रडला. दुसऱ्या दिवशी साबो मोटारतळामागच्या कांद्याच्या शेतात मेलेला सापडला. कुणी भोसकलं ते आजवर कुणाला कळलेलं नाही. त्याला भोसकावंसं वाटणाऱ्यांची या गावात कधीच वाण नव्हती.

पोलीस आले तेव्हा तानिमूनं काय सांगितलं ते मी तिथं उभी राहून ऐकलंय. "दा ना गान शी, दा ना काशे शी." दोन्ही 'दा' घसरते, लांबवलेले. मला दिसला असता तर मी त्याला मारला असता. रागानं बोलला, मूर्खपणानं बोलला, पण खरं बोलला: दिसला नाही, म्हणून मारला नाही. शिपायानं आपल्या भाषेत ते जसंच्या तसं लिहून घेतलं, तानिमूचा अंगठा घेतला. आणि कचेरीत कुणीतरी त्याचं इंग्रजी केलं. पहिला 'दा' आखूड, खालच्या सुरातला समजून घेतला, म्हणजे 'तेव्हा'. दुसरा 'दा' गिळून टाकला. मला दिसला तेव्हा मी त्याला मारला. कागदावर सूर कुठं लिहितात? दोन्ही 'दा' डोळ्यांना सारखेच. एवढ्यावर माझ्या भावाच्या गळ्याभोवती दोर आला.

आपल्याकडच्या कुठल्याही बाजारकरणीला विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं की 'तेव्हा'वाल्या वाक्यात दुसरा 'दा' येतच नाही. पण न्यायमूर्ती दक्षिणेकडचे, खटला इंग्रजीत, आणि बाजारकरणीची साक्ष कोर्टात चालत नाही. बॅरिस्टर इशाकू, आमचे वकील, म्हणाले, "तज्ज्ञ आणा. शिक्केवाला, पदवीवाला." मी म्हटलं, "पदवीवाला मला माहीत आहे. ती पदवी त्यानं आमच्याच अंगणात मिळवली."

म्हणून मी तुझ्या घरी आले. शनिवारची सकाळ होती. तुझी बायको माहेरी गेली होती, नोकरानं गार फुऱ्याचा पेला आणून ठेवला. मी तुझ्यासमोर शिपायाच्या हस्ताक्षरातल्या जबानीची नक्कल ठेवली. तू चष्मा लावलास, वाचलंस आणि हसलास. वाईट हसला नाहीस, आनंदानं हसलास, एखादं आवडतं खेळणं सापडावं तसा. तुझे शब्द मला पाठ आहेत, कारण बातम्या वाचणाऱ्या बाईला ऐकलेलं पाठ होतं. तू म्हणालास, "असाबे, यात वादच नाही. दुसरा 'दा' आहे म्हणजे घडलेलं नाही. वाक्य स्वतःच सांगतंय की खून झाला नाही. हे मी पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवतो." मी विचारलं, "लिहिणाऱ्याच्या हातून चुकून दोनदा पडला असेल असं ते म्हणतील तर?" तू म्हणालास, "म्हणू देत. त्याच पानावर खाली बघ, घडलेल्या गोष्टी सांगताना त्यानं एकदाही दुसरा 'दा' घातलेला नाही. शिपायाचे कान चांगले आहेत." मी परत विचारलं, "हे कोर्टात सांगशील?" तू छातीला हात लावलास. "तानिमूसाठी? इन्नाच्या हातचं खाल्लंय मी." मी तुझ्या दारातून निघाले तेव्हा मला वाटलं, माणूस मोठा झाला. किती सहज वाटतं नाही असं, जेव्हा गरज आपली असते!

तेव्हा मला माहीत नव्हतं की साबोचा मामा, अल्हाजी ग्वादाबे, तुमच्या विद्यापीठाच्या कारभारी मंडळावर आहे आणि प्रमुखपदाची निवड त्याच्या मानेच्या हलण्यावर ठरते. तुला माहीत होतं. माझ्यासमोर बसलास तेव्हाही माहीत होतं, पण तेव्हा तो अजून तुझ्याकडे आला नव्हता.

साक्षीच्या दिवशी तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. इन्ना पहिल्या बाकावर होती, तिनं हात वर करून तुला सलाम केला, तेव्हा तू कागद चाळलेस. इशाकूंनी विचारलं, "प्रोफेसर, या वाक्याचा अर्थ काय?" आणि तू सुरू झालास. काय ते बोलणं! लिपीच्या मर्यादा, सुरांची संदिग्धता, बोलीभेद, तोंडी परंपरा. न्यायमूर्तींनी पेन खाली ठेवलं. इशाकूंना घाम फुटला. त्यांनी विचारलं, "दुसऱ्या 'दा'चं काय?" तू म्हणालास, "घाईत लिहिणाऱ्यांच्या हातून शब्द दोनदा पडतो, असं वारंवार दिसतं. निव्वळ त्यावरून शास्त्र निष्कर्ष काढत नाही." मग न्यायमूर्ती स्वतःच म्हणाले, "प्रोफेसर, मला सरळ सांगा. दोहोंपैकी कुठला अर्थ जास्त संभवतो?" पिंजऱ्यात तानिमू तुझ्याकडे पाहून जरासा हसत होता, कारण तू त्याचा मालम होतास, आता तू सांगणार आणि घरी जायचं, असं त्याच्या डोक्यात होतं. तू म्हणालास, "ध्वनिमुद्रण हाती नसताना अंदाज करणं अभ्यासकाला शोभत नाही."

अभ्यासकाला शोभत नाही! दलहातू, मी खोटं बोलणारी पुष्कळ माणसं पाहिली. बाजारात म्हाताऱ्या बकऱ्याला कोवळा म्हणणारा खोटं बोलतो, पण निदान गिऱ्हाइकाच्या डोळ्याला डोळा देतो. तू खोटंसुद्धा धडपणे बोलला नाहीस. शेपूट घातलीस आणि त्या शेपटीला शास्त्र म्हणालास.

फाशीची शिक्षा झाली. न्यायमूर्तींनी निकालात तुझं नाव आदरानं घेतलं. पावसाळा संपायच्या आत तू प्रमुख झालास.

त्यानंतरची आमच्या घरातली वर्षं तुला सांगायची माझी इच्छा नाही, पण थोडं सांगते. झुलाई दिवसभर एकच बडबडायची, मी घरी आले नसते तर, मी त्याला बोलले नसते तर, मी हात झाकला असता तर. इशाकूंनी अपील लावलं, पण अपिलाची तारीख म्हणजे आभाळ. वर बघत बसायचं. एकदा इन्नानं झुलाईच्या तोंडावर हात ठेवला आणि म्हणाली, "या घरात आता 'असतं तर' नको. फार झालं. जे आहे ते बोला. तेल संपलंय, ते बोला." तेव्हापासून आमच्या घरात त्या जातीची वाक्यं बंद आहेत. तुझा सगळा जन्म ज्या वाक्यांवर उभा आहे, ती खाटकाच्या म्हातारीनं घराबाहेर काढली. तुरुंगात भेटीला गेलं की तानिमू शेजारच्या कोठडीतून कुणाला नेलं ते सांगायचा. हळूहळू तेही सांगेनासा झाला. फक्त इन्नाचे गुडघे कसे आहेत विचारायचा.

अपिलाच्या वेळी तुला बोलवायची गरजच पडली नाही. इशाकूंनी तुझं पुस्तक आणलं. तेच, निळ्या पुठ्ठ्याचं, परदेशात छापलेलं, ज्याच्या पहिल्या पानावर तू कुण्या साहेबाचे आभार मानलेस आणि आमच्या अंगणाचे नाहीत. तीन न्यायमूर्तींसमोर त्यांनी ते उघडलं आणि तुझंच वाक्य तुझ्याच इंग्रजीत वाचलं, की दुसरा 'दा' केवळ न घडलेल्या गोष्टीतच येतो आणि याला एकही अपवाद या अभ्यासात आढळलेला नाही. खाली उदाहरण होतं. मला तो दिसला असता तर मी त्याला घोडा दिला असता. आणि त्याखाली बारीक अक्षरात, बोलणारा : तानिमू, खाटकाचा मुलगा, वय सोळा. इशाकूंनी तेही मोठ्यानं वाचलं. मधले न्यायमूर्ती पुढं वाकले. "हाच का आरोपी?" इशाकू म्हणाले, "हाच, मायलॉर्ड. प्रोफेसरांनी नियम याच्या तोंडून शिकून घेतला आणि याच्याच खटल्यात विसरले." न्यायमूर्ती हसले नाहीत. त्यांनी तुझी साक्ष मागवून घेतली आणि पुस्तकाशेजारी ठेवून ओळीनं वाचली. निकालात त्यांनी तुझ्याबद्दल जे लिहिलं ते तू वाचलं आहेस, तेव्हा मी परत लिहीत नाही. तुझं पुस्तक तुझ्यापेक्षा बरं माणूस निघालं, एवढंच म्हणते.

तानिमू सुटून घरी आला. पुढचे दात नाहीत, डाव्या कानानं ऐकू येत नाही. सुरा हातात घेतला की हात थरथरतो, म्हणून दुकान विकून टाकलं. आता तो शाळेच्या कोपऱ्यावर चहा आणि अंडी-पाव विकतो, पोरं त्याला काका म्हणतात. झुलाई त्याच्याबरोबर असते, अंडी ती फोडते. आल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यानं मला विचारलं, "मालम दलहातू बरे आहेत ना? त्या दिवशी फार दमलेले दिसत होते." मी स्वयंपाकघरात निघून गेले. तो तुझा द्वेष करत नाही. त्याला ते जमत नाही. त्याच्या वाटणीचाही मीच करते.

आणि आता गेल्या शुक्रवारची गोष्ट. तुझे थोरले काका आणि दोन वडीलधारे मानाच्या म्हणून टोपलीभर कोलाच्या बिया घेऊन आमच्या अंगणात आले. चटईवर बसले, पोरांच्या शाळेची चौकशी केली, आणि मग काकांनी घसा खाकरला. म्हणाले, "दलहातू फार 'दा-ना-सानी'त आहे." बघ, आपल्याकडे पश्चात्तापाला दुसरा शब्दच नाही. मला माहीत असतं तर. पण दलहातू, तो शब्द ज्यांना माहीत नव्हतं त्यांच्यासाठी आहे. झुलाईनं तो म्हणावा. तुला माहीत होतं, माझ्यासमोर, चष्मा लावून, फुऱ्याचा पेला हातात घेऊन माहीत होतं. पुढे ते म्हणाले, "त्याच्या हातून काही चूक झाली असेल, तर माफ करा." असेल, तर! हे वाक्य तूच बांधून दिलं असणार, इतकं ते निसरडं आहे. इन्नानं माफ केलं. ती करणारच होती. तिनं त्यांना तुवो वाढून पाठवलं. मग जाता जाता काकांनी मला बाजूला घेतलं आणि खरं पोटातलं बाहेर आलं. अपिलाच्या निकालावरून विद्यापीठानं तुझी चौकशी लावली आहे, शपथेवर खोटं बोलल्याची; ग्वादाबे आता तुला ओळख दाखवत नाही; आणि तुझं म्हणणं आहे की त्या वेळी तुझं खरंच तसं मत होतं. तेव्हा खटल्याआधी तुझी-माझी भेट झाली नव्हती आणि आमची काही तक्रार नाही, अशा चार ओळी मी लिहून द्याव्यात. "समितीला लेखी लागतं, बेटी," काका म्हणाले. बरोबर आहे, लेखी लागतं. म्हणून हे लिहिलं. चार ओळींत बसलं नाही. त्या शनिवारी तू जे बोललास ते शब्दाला शब्द वर आहे, आणि खाली माझी सही आहे. एक प्रत तुला. दुसरी आज सकाळी तानिमू टपरी झुलाईवर सोपवून समितीच्या कचेरीत द्यायला निघाला आहे, पांढरा झगा घालून. तिथल्या व्हरांड्यात तू त्याला दिसलास तर तो थांबून तुला सलाम करेल, आईनं त्याला तसंच वाढवलं आहे. त्याला उत्तर देऊ नकोस.

तुझी कधीच नसलेली,
असाबे